नाल्याचं वेळापत्रक

चंद्रप्रकाश वानखडे पंचांग बघत नसत, आणि आपण ते बघत नाही हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरातली दिनदर्शिकासुद्धा त्यांनी राशी आणि मुहूर्त छापलेली मागची बाजू भिंतीकडे करून टांगली होती. तशी ती सगळेच टांगतात. पण बाकीचे सवयीने टांगतात, वानखडे तत्त्वाने टांगत.

वाशीमहून ऐन तरुणपणी ते मुंबईला आले, टेलिफोन खात्यात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत खांबांवर चढत-उतरत राहिले. आता नाहूरच्या संगम सोसायटीत पहिल्या मजल्यावर बायको द्रौपदी आणि एकुलती एक मुलगी दिशा यांच्यासोबत त्यांचा संसार होता. सोसायटीतली अर्धी घरं त्यांच्यासारखी वऱ्हाडातून, मराठवाड्यातून आलेली, अर्धी कोकणातली. सोसायटीच्या मागे डोंगरातून येणारा नाला, नाल्याच्या काठावर समाजमंदिर, आणि समाजमंदिरात महिन्यातून एका रविवारी हाउजी. हाउजीचे आकडे पुकारायचा मान वानखड्यांचा. बॅटरीवर चालणारा भोंगा तोंडाला लावून ते सुरुवातीलाच बजावत, "एकदा पुकारलेला आकडा परत येणार नाही. कान उघडे ठेवा." मग कुणी कितीही गयावया केली तरी आकडा परत सांगत नसत. टेलिफोन खात्यातल्या माणसाने असं वागावं हे जरा विचित्रच, पण ते असो.

दिशा पवईतल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की वानखडे "कंप्युटरमध्ये आहे" म्हणत आणि लगेच चहाचं विचारत, कारण पुढचा प्रश्न आला तर त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. हे त्यांना टोचायचं. जिला पाढे आपण शिकवले तिच्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळू नये, आणि तिनेही आता समजावायचा नाद सोडून द्यावा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असे. घाटकोपरच्या प्रितमशी तिचं लग्न ठरल्यापासून तर जास्तच. लग्नात त्यांना चार शब्द बोलायचे होते, आणि ते चारही शब्द तिच्या कामाबद्दल असावेत असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तर एप्रिलमधल्या एका सकाळी दिशा घरूनच काम करत बसली होती. वानखडे खुर्ची ओढून शेजारी जाऊन बसले.

"सांग आज. नेमकं काय करतेस तू?"

दिशाने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि लॅपटॉप त्यांच्या बाजूला वळवला. पडद्यावर नकाशा होता.

"हे आम्ही बनवतोय. नेटवर कुणालाही फुकट वापरता येईल. ओढा, नाला, काय असेल त्याच्यावर टिचकी मारायची. मग त्या जागी जिथून जिथून पाणी येतं तेवढा सगळा भाग रंगतो. त्याचा उतार, माती, तिथला पाऊस, सगळं धरून तो सांगतो की पूर आला तर सेकंदाला किती पाणी येईल. आणि हे दुसरं पान. कोरड्या दिवसांत तिथे किती पाणी मिळेल ते इथे."

"आपला नाला आहे यात?"

"सगळ्यांचे नाले आहेत, पप्पा."

वानखड्यांनी चष्मा पुसला आणि समाजमंदिराच्या मागे अंदाजाने टिचकी मारली. नकाशावर टिकलीएवढा ठिपका रंगला. तेवढ्यात बाळा परब दार ढकलून आत आला. बाळा हा त्यांचा शेजारी आणि जुना दोस्त. मिलमध्ये लागून वर्ष होतं न होतं तोच संप झाला, तेव्हापासून त्याने मंडपाचा धंदा धरला होता, आणि दिशाच्या लग्नाचा मंडप त्याच्याशिवाय कुणी घातला असता तर त्याने उपोषणच केलं असतं. तो वाकून बघायला लागला.

"ह्यां काय?"

"ओढ्यावर टिचकी चुकली की असं होतं, काका," दिशा म्हणाली. "हे तुमच्या गोडाऊनचं छप्पर आहे. तेवढ्यावरच पडलेलं पाणी धरलंय त्याने."

"म्हणजे पूर माझ्या पत्र्यार येतलो?"

"पत्र्यावर पूर आला तर बादलीभर येईल."

दुसरी टिचकी मात्र बरोबर नाल्यावर बसली. आणि काय सांगावं, समाजमंदिरामागून रंग सरसरत निघाला तो रस्ता ओलांडून, वस्ती ओलांडून, थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत गेला. ज्या नाल्याकडे वानखडे इतकी वर्षं नाकाला रुमाल लावूनच बघत आले होते, त्याच्या मागे एवढा मोठा डोंगर उभा आहे हे त्यांना आज कळलं. त्यांचा ऊर भरून आला. जणू नाल्याचं खानदान निघालं होतं. बाजूच्या चौकटीत आकडे उमटले: दोन वर्षांचा पूर, पाच वर्षांचा, पंचवीस वर्षांचा, शंभर वर्षांचा.

"दोन हजार पाच साली आलं होतं ते यातलं कुठलं?"

"ते शंभरच्याही वरचं असेल," दिशा म्हणाली, आणि तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता. ती बोलत बोलत गॅलरीत गेली, आणि त्या कामासाठी दुसऱ्याच दिवशी तिला सिंधुदुर्गात जावं लागलं. नकाशा सांगतो तेवढं पाणी ओढ्यांतून खरंच वाहतं का हे तिथल्या नोंदींशी ताडून बघायचं होतं. बाळा मूळचा तिकडचा. त्याने जाताना तिला गावच्या ओढ्याबद्दल "आमच्या व्हाळाक पण विचार" म्हणून बजावलं. बाप मात्र नकाशासकट घरी एकटा राहिला, आणि इथेच सगळा घोळ झाला.

कारण वानखड्यांना तो नकाशा कळला. निदान त्यांना तसं वाटलं. दोन वर्षांचा पूर म्हणजे दर दोन वर्षांनी येणारा. पाचाचा पाच वर्षांनी. पंचवीसचा पंचवीस वर्षांनी. यात न कळण्यासारखं काय आहे? मग त्यांनी आठवून आठवून हिशेब जुळवला. शंभराचा येऊन गेला पाच साली, म्हणजे पुढचा एकवीसशे पाचला. त्याची चिंता करणारे अजून जन्मायचे होते. पंचवीसचा आला सतरा साली, बाळाची स्कूटर बुडाली होती तेव्हा. म्हणजे पुढचा बेचाळीसला. पाचाचा येऊन तीन वर्षं झाली, आणखी दोन बाकी. दोनाचा तर गेल्याच पावसाळ्यात येऊन गेला, द्रौपदीच्या चपला घेऊन. म्हणजे आता एकदम पुढच्या वर्षी. आणि यंदा? यंदा चोवीस साली काहीच नाही. नाल्याला भरपगारी रजा.

वानखडे खुर्चीतून उठले तेच वेगळे होऊन. एकदा पुकारलेला आकडा परत येत नाही, हा नियम निसर्गालाही लागू आहे याचा त्यांना फार आनंद झाला.

लग्नाची तारीख ठरवायचं काम प्रितमच्या घरच्यांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. आता उशीर कशाला? आषाढी पौर्णिमा यंदा रविवारी येत होती. बुद्धांनी पहिला उपदेश दिला तो दिवस. याहून चांगला दिवस कुठला. चातुर्मासात बाकीच्यांची लग्नं नसतात, त्यामुळे समाजमंदिर मोकळं, बाळा मोकळा, आचारी मोकळा. अडचण होती ती एकट्या पावसाची, आणि पावसाचं वेळापत्रक तर त्यांच्या खिशात होतं. त्यांनी घाटकोपरला फोन केला, फोनवरच दिशाचा होकार घेतला, पत्रिका छापायला टाकल्या आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: "यंदा नाला शांत राहील. सर्वांनी निर्धास्त असावे. चं. वानखडे." दिशाने होकार दिला तेव्हा ती एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती आणि पलीकडून तिला निम्मंच ऐकू येत होतं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

फळ्यावरचं वाचून लोक यायला लागले. तळमजल्यावरच्या रश्मीने विचारलं, यंदा फ्रीज विटांवर चढवू की नको. वानखडे म्हणाले, खुशाल खाली ठेव. कुणी गाडी कुठे लावू विचारलं, कुणी वाळवणाचं विचारलं. सुगंधाताईंना पाणी कधी येईल ते हवं होतं. वानखड्यांनी नकाशाचं दुसरं पान उघडून मे महिन्यात नाल्याला किती पाणी असतं ते सविस्तर सांगितलं. सुगंधाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी नळाचं विचारत होते, भाऊजी."

"नळ यात दिसत नाही."

"मग काय उपयोग?" असं म्हणून त्या गेल्या.

वानखड्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ते आता रस्त्याने चालताना नाल्याकडे मालकासारखे बघत. द्रौपदी हे सगळं भाजी निवडता निवडता पाहत होती. एके दिवशी ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही पंचांग सोडलं न?"

"कधीच सोडलं."

"मग हे काय चाललंय? लोक येतात, तुम्ही बोटं मोजता, दिवस चांगला की वाईट ते सांगता. दक्षिणा तेवढी घेत नाही."

"हे विज्ञान आहे, द्रौपदी."

"असंन," द्रौपदी म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली.

पंधरवड्याने दिशा रापून, चिखलाचे बूट हातात घेऊन परत आली. जिन्यात फळा दिसला तशी ती थबकली. वर आली तेव्हा टेबलावर पत्रिकांचा एकच उरलेला गठ्ठा होता, बाकीच्या वाशीम, नांदेड, घाटकोपर अशा सगळीकडे पोचल्या होत्या. तिने तारीख वाचली.

"पप्पा, जुलै? तुम्ही फोनवर जून म्हणालात ना."

"जुलैच म्हणालो. तुझ्या नकाशाने काढलीय तारीख," वानखडे म्हणाले, आणि त्यांनी एका दमात शंभर, पंचवीस, पाच, दोन असा सगळा हिशेब तिला ऐकवला. ऐकवताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की दिशाच्या तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिथेच अडकलं. पण इंजिनिअर बाई, किती वेळ अडकवून ठेवणार?

"पप्पा, तसं नसतं ते. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे तो दर वर्षी येऊ शकतो. दर वर्षी पंचवीसात एक शक्यता. गेल्या वर्षी आला तरी यंदा परत तेवढीच."

"मग पंचवीस वर्षांचा कशाला म्हणता?"

"चुकीचं नाव पडलंय, मान्य. पण आपल्या नाल्याचं सांगू का? समाजमंदिरात पाणी शिरायला पाच वर्षांचाच पूर पुरतो. म्हणजे दर पावसाळ्यात पाचात एक. आणि पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती असते. खाडीच भरलेली असली की नाल्यातलं पाणी जाणार कुठे? ते तर नकाशालाही कळत नाही."

"पौर्णिमा बघून दिवस ठरवावा म्हणतेस? तुला मी शिकलेली समजत होतो."

दिशाने कपाळाला हात लावला. "यार पप्पा, भरती चंद्रामुळे येते."

"हे बघ. हाउजीत एकोणीस आला. परत एकोणीस येतो का? नाही येत. आता बाकीच्या आकड्यांची पाळी. साधी गोष्ट आहे."

दिशा काही तरी बोलणार होती. तिने बापाकडे पाहिलं. चष्म्यामागे ते डोळे विलक्षण आतुर होते, पहिल्यांदा सायकल चालवून दाखवणाऱ्या माणसाचे असतात तसे. ती एकदम मऊ झाली.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे तारीख."

वानखड्यांना हा आपला विजय वाटला. जी पोरगी रिक्षावाल्याशी सुट्ट्या रुपयासाठी हुज्जत घालते, ती इतक्या सहज "बरं" म्हणाली याचा त्यांना संशय यायला हवा होता. पण जिंकलेल्या माणसाला संशय येत नाही.

जून गेला. पाऊस आपला रीतसर पडत होता आणि नाला खरोखरच शांत होता. वानखडे रोज सकाळी पुलावर उभं राहून त्याला शाबासकी देऊन यायचे. मधेच एकदा त्यांना दिसलं की दिशा आणि बाळा परब समाजमंदिराच्या मागे टेप धरून उभे आहेत. दिशा नाल्याच्या भिंतीची उंची मोजत होती आणि बाळा छत्री धरून कुरकुरत होता.

"काय चाललंय?"

"मंडपाचा माप," बाळा म्हणाला.

"नाल्यात घालणार आहेस मंडप?"

"बाजूक तोरण लावचा आसा," बाळा म्हणाला, आणि खोटं बोलताना त्याचे कान हलतात हे इतकी वर्षं माहीत असूनही वानखडे पुढे निघून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी समाजमंदिरात गेल्यावर मात्र ते चक्रावले. बाळाने भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी घोडे मांडून त्यांच्यावर फळ्या ठोकल्या होत्या. मांडीएवढ्या उंचीवर सगळ्या हॉलभर एकच लांबरुंद स्टेज. वर सतरंज्या, वर खुर्च्या. पायऱ्या दारापर्यंत नाहीत, तर दाराबाहेर रस्त्याच्या चढापर्यंत नेलेल्या. आचाऱ्याच्या शेगड्यासुद्धा फळ्यांवर. वायरी वरून, आढ्याजवळून ओढलेल्या.

"बाळा, हे काय? नवरा-नवरी स्टेजवर बसतात. पाहुण्यांना कशाला चढवलंस?"

"सध्या हीच फॅशन आसा. सगळे समान. तुझ्याच तत्त्वातला हा."

समतेचं नाव काढल्यावर वानखड्यांनी चपला काढल्या आणि फळ्यांवर चढून बघितलं. मनातून त्यांना ते आवडलंही.

रविवार उजाडला तो अंधारूनच. डोंगर दिसेनासा झाला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वानखडे खिडकीशी उभे राहून म्हणत होते, "नुसता पाऊस आहे. पाऊस वेगळा, पूर वेगळा." द्रौपदी दिशाची पांढरी साडी इस्त्री करत होती. दहाच्या सुमाराला घाटकोपरची मंडळी आली, निम्मी भिजलेली. मुलुंड, कांजूरमार्गचे पाहुणे आले. वाशीमचे आदल्या दिवशीच आले होते. बारा वाजायला आले, आणि बौद्धाचार्य बुद्धांच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावत असताना मागच्या दाराखालून एक पाण्याची जीभ आत आली.

ती पहिल्यांदा वानखड्यांनाच दिसली. कोपऱ्यातली केराची बादली तिने हलकेच उचलली आणि हॉलभर फिरवायला काढली. मग दुसरी जीभ आली, मग भिंतीच्या कडेने सगळीकडून. बघता बघता फळ्यांखाली चॉकलेटी पाणी खळखळायला लागलं. दिशाने बाळाला हात केला आणि बाळाने मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, दिवे गेले. कुणी तरी "अरे बापरे" म्हणालं, पण कुणी जागचं हललं नाही, कारण हलायची गरजच नव्हती. सगळे कोरडे ठाक फळ्यांवर बसले होते. खालून रश्मीचं चप्पलस्टँड आरामात निघालं होतं, तिच्या फ्रीजचं काय झालं असेल हा विचार वानखड्यांच्या मनात आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाणी चढत होतं. घोड्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, त्याच्यावर गेलं, आणि फळ्यांच्या वीतभर खाली येऊन रेंगाळलं. वानखडे एकटक बघत राहिले. यंदा काहीच नव्हतं. त्यांनीच लिहिलं होतं फळ्यावर, खाली सही करून. मुलीच्या लग्नात त्यांनी नाला बोलावला होता.

"बाळा," ते कसेबसे म्हणाले, "तुझ्या फॅशनने वाचवलं रे."

बाळाचे कान हलले. मग त्याला ते असह्य झालं असावं. "फॅशन खंयची? माझ्या बापसान पण कधी असो मंडप नाय घातलो. चेडवान तुझ्या, दिशान, माप दिल्यान. नाल्याची भिंत मोजल्यान, तुझ्या त्या नकाशातलो पंचवीस वर्षांचो आकडो घेतल्यान, वर भरतीक म्हणान वीतभर जास्त धरल्यान. माका म्हणाली, काका, पप्पांक सांगू नको. तेंका वाईट वाटतला."

वानखड्यांनी वळून पाहिलं. दिशा पांढऱ्या साडीत प्रितमशेजारी बसली होती आणि पाण्याकडे बघत ओठ हलवत होती. मंगलगाथा म्हणते आहे असं कुणालाही वाटलं असतं. ती पाण्याची उंची मोजत होती. तिने वर पाहिलं, बापाशी नजर भिडली, आणि तिने खांदे किंचित उडवले. त्यात "बघा" नव्हतं. "असू दे" होतं.

आपण चुकलो होतो हे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिने फळा पुसला नाही, पत्रिका परत मागवल्या नाहीत, चार लोकांत एक शब्द काढला नाही. लाज वाटली त्यांना. आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठं असं काही तरी वाटलं, ज्यासाठी टेलिफोन खात्यात त्यांना कुणी शब्द शिकवला नव्हता.

लग्न लागलं. त्रिसरण, पंचशील, हार, टाळ्या, सगळं झालं, आणि खालून नाला आपला सूर धरून होता. आता वधूपित्याचे दोन शब्द. लाइट नाही म्हणजे माईक नाही. द्रौपदीने पदराखालून हाउजीचा भोंगा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. तो तिने का आणला होता हे विचारण्यात अर्थ नव्हता. घरात सगळ्यांनाच सगळं माहीत होतं, एकट्या त्यांना सोडून.

वानखड्यांनी भोंगा तोंडाला लावला. चार शब्द त्यांनी पाठ केले होते, ते खालच्या पाण्यात गेले.

"मंडळी, मी तुम्हाला दर महिन्याला सांगतो, एकदा पुकारलेला आकडा परत येत नाही. ते एका डावापुरतं खरं आहे. डाव संपला की आपण काय करतो? सगळे आकडे परत डब्यात टाकतो आणि डबा हलवतो. पाऊस दर वर्षी नवा डाव मांडतो. गेल्या वर्षी आलेला आकडा यंदाही डब्यात असतो. म्हणून पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे पंचवीस वर्षांनी येणारा नव्हे. दर साली पंचवीसात एक. हे मला माझ्या मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." ते थांबले. भोंगा घरघरला. "ती काय काम करते असं तुम्ही विचारायचात. ती नाल्याचं पाणी मोजते. आणि माणूस ऐकत नसला तर त्याच्याशी भांडत बसत नाही, त्याच्या पायाखाली फळ्या घालते."

दिशा खाली मान घालून बसली होती आणि प्रितम खिशात रुमाल शोधत होता, तिच्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "बरोबर सांगितलंत, पप्पा. अगदी बरोबर," आणि तिचा आवाज फुटला.

"मग पुढल्या वर्षी काय?" बाळाने मागून विचारलं.

"पुढल्या वर्षी पण डबा तोच. फळ्या तयार ठेव."

पंगती फळ्यांवरच बसल्या. शेवटची पंगत उठेपर्यंत भरती ओसरली, नाला आला तसा मागच्या दाराने गेला, जाताना केराची बादली आणि वाशीमच्या मामांचा एक बूट घेऊन गेला. मामांनी दुसरा बूट रागाने त्याच्या मागे टाकला. रश्मीचा फ्रीज मात्र विटांवर सुरक्षित होता. दिशानेच तिला चार दिवस आधी सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानखडे खाली गेले, फळ्यावरचा मजकूर आपल्या सहीसकट ओल्या फडक्याने पुसला आणि वर येऊन बसले. घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं. दिशाची खुर्ची तशीच होती. द्रौपदीने दोन कप चहा केला, सवयीने तिसरा कपही काढला, आणि तो परत ठेवायला ती जरा जास्तच वेळ लावत होती.

वानखड्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला. नाहूर दिसलं, नाला दिसला. त्यांनी तो बोटाने सरकवला. भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं, विक्रोळी गेली. घाटकोपरला प्रितमच्या इमारतीमागे एक बारीक निळी रेघ होती. प्रितमचं घर तळमजल्यावर. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि रेघेवर टिचकी मारली. पहिली चुकली. दुसरी बसली. रंग पसरला, आकडे आले. या वेळी त्यांनी साल मोजलं नाही, बोटं मोजली नाहीत. पंचवीसच्या समोर लिहिलेला आकडा वाचला, परत एकदा वाचला, आणि बाळा परबला फोन लावला.

"बाळा, त्या फळ्या सध्या मोकळ्या आहेत ना?"

"आसत. कित्याक?"

"टेम्पो सांग. घाटकोपरला न्यायच्यात."